विशेष शिक्षणातलं बी.एड.: दहा महिने वर्गात वापरून पाहिल्यावर

गेल्या जूनपासून कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका विशेष शाळेत मी पूर्णवेळ शिकवते आहे. वर्गात नऊ मुलं, वय दहा ते चौदा. त्याआधी दोन वर्षं बौद्धिक अक्षमता या विषयातलं बी.एड. केलं. प्रवेश घेण्यापूर्वी मी बऱ्याच जणांना विचारलं होतं. फी किती, नोकरी लागते का, एवढंच सगळे बोलत. वर्गात उभं राहिल्यावर त्यातलं काय कामाला येतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून लिहिते आहे.

रोज हाताशी असते ती एफएसीपी. सिकंदराबादच्या, बौद्धिक अक्षमतेसाठीच्या राष्ट्रीय संस्थेनं (तेव्हाची एनआयएमएच, आताची एनआयईपीआयडी) तयार केलेली ही पडताळा सूची. मूल स्वतःचं स्वतः काय करतं, लोकांशी कसं वागतं, वाचन-हिशेब, कामधंद्याची तयारी, खेळ-करमणूक, सगळं त्यात कलमवार असतं. प्रत्येक कलमापुढे खूण करायची. स्वतः करतो तर अधिक. इशाऱ्यावर करतो तर 'सी', सांगितल्यावर करतो तर 'व्हीपी', हात धरून करवून घ्यावं लागलं तर 'पीपी'. येतच नाही तर वजा. आणि शेवटची खूण 'एनई', म्हणजे संधीच मिळालेली नाही. कॉलेजात या खुणा मी पाठ केल्या, परीक्षेत लिहिल्या, गुणही चांगले मिळाले. अर्थ मात्र जुलैत कळला.

बारा वर्षांचा एक मुलगा नवीन दाखल झाला होता. 'स्वतःच्या हाताने जेवतो' या कलमापुढे मी वजा टाकलं, कारण आज्जी रोज डबा घेऊन यायच्या आणि भरवायच्या. आमच्या ज्येष्ठ बाईंनी कागद बघितला, वजा खोडलं आणि 'एनई' लिहिलं. म्हणाल्या, "अगं, याच्या पुढ्यात कधी ताट ठेवलंय का कुणी?"

आज्जींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "सांडतंय की ओ बाई सगळं. पोटात काय जाणार त्याच्या?"

बारा वर्षं त्या माउलीनं प्रेमानं भरवलं होतं. आणि मी त्याला एका खुणेत 'येत नाही' म्हणून मोकळी झाले होते. त्या दिवसापासून वजा टाकण्याआधी मी घरी फोन करते, आणि वर्गात निदान तीनदा ती वस्तू मुलाच्या हातात देऊन बघते. माझ्या नऊ मुलांच्या सूच्या मी पुन्हा तपासल्या, तेव्हा कितीतरी वजांचं 'एनई' झालं. नळ सोडणं, चपला ओळखणं, दुकानात पैसे पुढे करणं. कुणी करूच दिलं नव्हतं.

पुढचं काम कार्य विश्लेषणाचं. भाकरी-आमटी खाणं ही आपल्याला एक कृती वाटते. आम्ही तिचे अकरा टप्पे पाडले: हात धुणं, ताटासमोर बसणं, डाव्या हातानं भाकरी दाबून धरणं, उजव्या हातानं तुकडा मोडणं, आणि असंच पुढे. शिकवलं शेवटाकडून. दहा टप्पे मी करायचे, आमटीत बुडवलेला घास त्याच्या हातात देऊन हात तोंडाजवळ न्यायचे. शेवटचं इंचभर अंतर त्याचं. असं केल्यानं प्रत्येक वेळी काम पुरं करण्याचा मान मुलाचा राहतो आणि घास लगेच तोंडात पडतो, वेगळं बक्षीस लागत नाही. मग मनगटाऐवजी कोपर धरला, मग नुसता स्पर्श, मग नुसतं सांगणं. ऑगस्ट ते डिसेंबर लागले. आता भाकरी तो पूर्ण खातो. आज्जी पहिल्यांदा बाजूला बसून बघत होत्या, तेव्हा त्यांचे हात मांडीवर नुसते पडून होते आणि काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं. पदवीतलं हे एवढं प्रकरण जरी नीट शिकायला मिळालं, तरी दोन वर्षं दिल्याचं मला वाईट वाटणार नाही.

वर्तनाची नोंदवहीही तशीच उपयोगी पडली. आधी काय घडलं, मुलानं काय केलं, नंतर काय घडलं, असे तीन रकाने. एक मुलगी रोज डोकं आपटायची. 'हट्टी आहे' असं तिच्या आधीच्या कागदांत लिहिलेलं होतं. आठवडाभर वेळा लिहिल्या, तर प्रत्येक वेळ शाळेच्या विजेच्या घंटेला चिकटून होती. आमच्या मजल्यावरची घंटा बंद केली, तेव्हापासून डोकं आपटणं बरंच कमी झालं. पूर्ण थांबलेलं नाही; उरलेल्याचं कारण काय, ते अजून शोधतो आहोत.

मानसशास्त्रीय चाचण्या आपण करत नाही, अहवाल मात्र वाचता यावे लागतात. सामाजिक परिपक्वतेची जी व्हाईनलँड चाचणी आपल्याकडे वापरतात, तिचं भारतीय रूप नागपूरला डॉ. मालिन यांनी बसवलं, हे मला अभ्यासात कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं.

आता जे कमी पडलं ते. पहिली तक्रार भाषेची. आमची जवळजवळ सगळी पुस्तकं इंग्रजी होती. उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येत होती, पण 'प्रॉम्प्ट फेडिंग' आईला समजेल अशा शब्दांत कसं सांगायचं, हे कुणी शिकवलं नाही. मी आता "हात हळूहळू काढून घ्यायचा" असं म्हणते. शाळेत आम्ही जय वकील फाउंडेशन या मुंबईच्या संस्थेचा, विशेष मुलांसाठीचा 'दिशा' अभ्यासक्रम वापरतो. तो मराठीत असल्यानं प्रत्येक मुलाच्या शिकण्याचा वैयक्तिक आराखडा पालकांसमोर बसून वाचता येतो. कॉलेजात तो कुणी दाखवलासुद्धा नव्हता.

दुसरी तक्रार फाइलींची. पाठ टाचणं हातानं लिहायची, रंगीत समासासकट. काही सराव पाठांना समोर मुलं तीन, निरीक्षक एक आणि वेळ वीस मिनिटं. ती मुलं पुन्हा कधी भेटत नसत.

तिसरी सगळ्यात मोठी. अठरा वर्षांनंतर काय, यावर अभ्यासक्रमात फारच थोडं होतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देतो, हे पाठ होतं. पण सप्टेंबरच्या पालकसभेत एका वडिलांनी विचारलं, "पोरगी अठराची झाली, बँकेत सही कुणाची चालणार?" मला उत्तर आलं नाही. आई-वडीलही मुलाच्या अठराव्या वर्षानंतर आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. त्याच न्यासाची 'निरामय' ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. हे सगळं मी नंतर शोधून काढलं आणि त्या वडिलांना घरी जाऊन सांगितलं. विशेष शिक्षिकेला हे तोंडपाठ हवं, कारण विचारायला त्यांच्याकडे दुसरं कुणी नसतं.

पैशांचंही सांगते. विनाअनुदानित शाळेत मला चौदा हजार मिळतात आणि त्यातले जवळपास दोन हजार एसटीला जातात. अनुदानित शाळांत जागा क्वचित निघतात. २०२४ मध्ये राज्यानं सर्वसाधारण शाळांसाठी केंद्रस्तरावर (म्हणजे जवळच्या शाळांच्या गटामागे) ४,८६० विशेष शिक्षकांची पदं निर्माण करण्याचा निर्णय घेतला, त्याकडे आमच्यासारख्यांचं लक्ष आहे. तूर्त घरात दुसरा पगार आहे म्हणून मी टिकले आहे. माझ्याबरोबरच्या दोघी हुशार मैत्रिणी टिकू शकल्या नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रवेश घेणाऱ्यांनी भारतीय पुनर्वास परिषदेची त्या वर्षाची मान्यता परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः बघावी, कॉलेजच्या पत्रकावर विसंबू नये. परिषदेच्या नोंदवहीत नाव आल्याशिवाय हे काम करणं १९९२ च्या कायद्यानं गुन्हा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानं चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.कडे वळायचं ठरवल्यापासून नियमही हलते आहेत, तेव्हा गेल्या वर्षीची माहिती धरून चालू नका.

आणि कॉलेज निवडताना इमारत, निकाल, वाचनालय हे सगळं नंतर. त्याला जोडलेली स्वतःची विशेष शाळा आहे का, हे आधी विचारा. असेल तर एकच मूल दोन वर्षं तुमच्या समोर वाढताना दिसेल. मला ते मिळालं नाही, म्हणून 'एनई'चा अर्थ कळायला जुलै उजाडला. शाळा असेल तर एक दिवस बसू द्या म्हणून परवानगी मागा आणि डब्याच्या सुट्टीत जा. ताटं कुणाच्या पुढ्यात आहेत, घास कुणाच्या हातात आहे आणि सांडलेलं कोण पुसतंय, ते बघून या.