वेदरिंगच्या नावाखाली माझ्या मॉडेल रेल्वेचे सहा डबे घालवले, कुणाच्या हातात डबे द्यायच्या आधी हे वाचा

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं कारण आठवलं तरी त्रास होतो, पण गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या मुलाने एका वेदरिंगवाल्याचे अगदी असेच फोटो दाखवून "ह्याच्याकडे डबे पाठवू का" असं विचारलं आणि मग राहवलं नाही. थोडं लांबेल पण पूर्ण वाचा. (वेदरिंग म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीसारखं मळलेलं, वापरलेलं दिसावं म्हणून त्यावर रंग आणि पावडर लावणं.)

माझ्याकडे एचओ स्केलचा म्हणजे १:८७ चा सहा डब्यांचा रेक होता. एकाच रंगसंगतीचे, प्रत्येकावर वेगळा नंबर, आणि पूर्ण लांबीचे. पूर्ण लांबी हे मुद्दाम सांगतेय, पुढे त्याचा संबंध आहे. युरोपातला आधुनिक प्रवासी डबा साधारणपणे २६.४ मीटर लांब असतो, त्याला ८७ ने भागलं की ३०३ मिलिमीटर येतात, पण एवढा लांब डबा छोट्या वळणावर बेढब दिसतो म्हणून बऱ्याच कंपन्या त्याच डब्याचं आखूड मॉडेल काढतात, २८२ मिलिमीटरचं किंवा त्याहून कमी २६४ चं. मी तीन वर्षं थांबून थांबून एकेक पूर्ण लांबीचा डबा गोळा केला, त्यातले दोन नंबर आता बनतच नाहीत.

डबे सुंदर होते पण प्लॅस्टिकसारखे चमकायचे. छप्पर एकसारखं राखाडी, खालची चाकांची ट्रॉली काळी कुळकुळीत (आपण बोलताना डब्यालाच बोगी म्हणतो, खरी बोगी म्हणजे ही ट्रॉली). खरी गाडी बघितली की कळतं की ती अशी नसतेच. मी आधी एका जुन्या मालडब्यावर स्वतः वॉश (खूप पातळ केलेला रंग) मारून बघितला होता आणि तो डाग डाग होऊन वाळला, त्यामुळे ह्या सहांना हात लावायची हिंमत नव्हती. म्हणून काम करून देणारा माणूस शोधत होते.

तो सापडला ते त्याच्या फोटोंवरून. आणि फोटो खरंच अप्रतिम होते, आजही म्हणेन. धुलाईचे ब्रश जिथपर्यंत पोचतात तिथे डब्याची बाजू बऱ्यापैकी स्वच्छ, पण डब्याची टोकं आणि दाराच्या खोलगट कडा मळकट. छपरावरून पन्हाळीच्या सांध्यातून खाली आलेले बारीक ओघळ, तेही सगळीकडे नाही, दोन-तीन ठिकाणीच. ट्रॉलीवर ब्रेकच्या धुळीचा तपकिरी रंग आणि छपरावर वेगळाच धुरकट काळसर रंग. जुन्या डब्यांना ओतीव लोखंडाचे ब्रेक ब्लॉक असतात, ते झिजून उडणारी धूळ गंजते म्हणून खालचा भाग तपकिरी होतो, छपराचा मळ वेगळ्या कारणाने येतो, त्यामुळे दोन्हीला एकच रंग फासणारा माणूस कच्चा. फोटोतल्याने हे बरोबर केलं होतं. बोलायलाही जाणकार वाटला, म्हणाला छोट्या मॉडेलवर शुद्ध काळा वापरायचाच नाही, गडद राखाडी वापरायचा, नाहीतर खेळण्यासारखं दिसतं. हे खरंच आहे. म्हणून माझा विश्वास बसला.

अर्धे पैसे आगाऊ, बाकीचे काम झाल्यावर असं ठरलं. डबे पोचले आणि चार दिवसांनी म्हणाला तुमच्या डब्यांना खास पिगमेंट (रंगाची कोरडी पावडर) लागणारे, थोडे जास्त पाठवा. पाठवले. मग हवा दमट आहे, मॅट वार्निश मारलं तर पांढुरकं पडेल म्हणून थांबलोय. आता हे कारणही खोटं नाही, दमट हवेत स्प्रे मारला की वार्निशवर दुधासारखी साय येते हे मला माहीत होतं, त्यामुळे मी उलट त्याचं कौतुक केलं की काळजी घेतोय. त्याची प्रत्येक थाप ही अशी खऱ्या माहितीवर उभी होती आणि म्हणूनच मी पाच आठवडे काहीच बोलले नाही. अर्धवट कामाचा फोटो मागितला तर एका छपराचा जवळून घेतलेला फोटो आला, नंबर दिसत नव्हता, ट्रॉली दिसत नव्हती, तो माझा डबा होता की आणखी कुणाचा हे आजही सांगता येणार नाही. शेवटी अंधुक उजेडातला दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवला आणि म्हणाला उरलेले पैसे आले की लगेच पार्सल टाकतो. तेही दिले.

खोका उघडला आणि पहिला डबा हातात घेतला तर बोटं काळी झाली. नुसती कोरडी पावडर चोळली होती, ती धरून ठेवणारा फिक्सर नाही, वार्निश नाही. कुणी म्हणेल की वार्निश मारल्यावर पिगमेंट फिकं पडतं म्हणून काही लोक मारत नाहीत, ते ठीक आहे, पण मग तो डबा काचेच्या कपाटात राहतो, रुळावर चालवायच्या डब्याला असं कोण करतं. आणि रंग होता शुद्ध काळा, ज्याला तो स्वतःच नको म्हणाला होता. सहाही डब्यांवर त्याच जागी तेच ओघळ, स्पंज दाबून उमटवलेले. एका डब्यावर तर सपाट पत्र्याच्या मधोमध गंज काढला होता. गंज असा कुठेही उगवत नाही हो, जिथे पाणी साचून राहतं तिथून सुरू होतो, दाराच्या खालच्या कडेला, सांध्यात, पन्हाळीच्या टोकाला, आणि मग खाली ओघळतो.

मग खिडक्या. सगळ्या पांढुरक्या, धुकं आल्यासारख्या. आधी वाटलं काचा न काढता वरून मॅट स्प्रे मारलाय, पण बाहेरून पुसून काही फरक पडेना. डबा उघडायला गेले तर उघडेना. त्याने उघडताना आतल्या खिट्या मोडल्या होत्या आणि सुपरग्लू लावून डबा कायमचा बंद करून टाकला होता. सुपरग्लूची वाफ बंद जागेत कोंडली की पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरा थर बसतो, तो थर आतल्या बाजूने होता आणि आत जायला वाट नाही. आतल्या सीट, आतले दिवे, सगळं त्या धुक्यामागे.

इथपर्यंत मला वाटत होतं की हा माणूस नुसता वाईट कारागीर आहे. फसवणूक कळली ती माझ्या भावामुळे. त्याने रेक रुळावर ठेवला आणि एकाही डब्यात दिवा लागला नाही. म्हटलं चाकांवर रंग गेला असेल, कारण आतल्या दिव्यांना वीज रुळातून चाकांवाटे येते आणि चाकाच्या कडेवर रंगाचा थर आला की संपर्क तुटतो. त्याने इयरबडला अल्कोहोल लावून चाक पुसलं, तपकिरी रंग निघाला आणि खाली काळं प्लॅस्टिक. सुई टोचून बघितली, प्लॅस्टिकच. माझ्या डब्यांची सगळी धातूची चाकं काढून घेतली होती, साधी प्लॅस्टिकची घातली होती आणि वरून "गंजाचा" रंग मारला होता. चोवीस अ‍ॅक्सल, अठ्ठेचाळीस चाकं. आणि अ‍ॅक्सलची टोकं जिथे बसतात तिथे पावडर भरलेली, ढकलला तर डबा दोन हातांवर थांबायचा.

मी त्या संध्याकाळी सगळे डबे ओळीने टेबलावर मांडून बसले आणि तेव्हा दिसलं की पाचवा डबा आखूड आहे. पट्टी लावली. २८२ मिलिमीटर. तो माझा डबाच नव्हता. तशाच रंगाचा आखूड डबा मळवून माझ्या डब्याच्या जागी ठेवला होता आणि नंबर असेल तिथे मुद्दाम जाड थर दिला होता की वाचता येऊ नये. हे लक्षात ठेवा. खऱ्या रेल्वेत डबा कितीही मळला तरी कर्मचाऱ्यांना नंबर वाचावा लागतो, त्यामुळे बऱ्याचदा नंबरापुरता भाग पुसलेला असतो आणि चांगले वेदरिंग करणारे ती पुसलेली जागा आवर्जून दाखवतात. ज्या मॉडेलवर सगळ्यात जास्त मळ नंबरावरच आहे तिथे थांबा आणि विचारा का.

नंतर मी त्याचे जुने फोटो एकेक करून इमेज सर्चला टाकले. बहुतेक फोटो दुसऱ्याच लोकांचे निघाले, काही कित्येक वर्षांपूर्वीचे. आणि मी नीट बघितलं असतं तर आधीच कळायला हवं होतं, कारण दोन फोटोंतले डबे एचओ नव्हतेच, ओ स्केलचे होते. एचओ हे नावच हाफ-ओ वरून आलंय, म्हणजे ओ स्केलचा डबा साधारण दुप्पट मोठा, त्यावर दाराची मूठ, स्क्रू, पायरी हे सगळं इतकं बारीक आणि सुटं दाखवता येतं की आमच्या स्केलला ते शक्यच नाही. शिवाय प्रत्येक फोटोत टेबल वेगळं, उजेड वेगळ्या बाजूने, कपलिंग (डबे जोडायची कडी) वेगळं. एका माणसाच्या एका खोलीतल्या कामाचे फोटो असे नसतात.

त्याला विचारलं तर आधी म्हणाला वेदरिंग ही आवडीनिवडीची गोष्ट आहे, तुम्हाला आवडलं नाही त्याला मी काय करू. चाकांचं विचारलं तर म्हणाला तुमची चाकं अशीच होती. आखूड डब्याचं विचारलं आणि त्यानंतर उत्तर बंद. पैसे परत मागायला गेले तर माझ्याकडे पुरावा काय, पाठवायच्या आधी मी फक्त तीन डब्यांचे फोटो काढले होते, तेही समोरून, कौतुकाने काढलेले. खालून एकही नाही. पैसे मी सरळ खात्यात टाकले होते त्यामुळे तेही परत आले नाहीत.

तर ज्यांना पाठवायचेच आहेत त्यांनी निदान प्रत्येक डबा पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा, नंबर दिसेल असा, आणि उलटा करून चाकांचा पण. डब्याच्या तळाला आतून स्वतःची एक बारीक खूण करा. सहा नाही, एकच पाठवा, तो परत येऊन रुळावर नीट चालला की मग पुढचा. मधल्या टप्प्याचा फोटो मागताना तुमच्या डब्याचा नंबर आणि शेजारी त्या दिवशीची तारीख लिहिलेला कागद दिसला पाहिजे असं सांगा, ज्याच्याकडे खरंच तुमचा डबा आहे त्याला ह्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. आणि काही साधे प्रश्न विचारा, खिडक्यांच्या काचा काढणार का, वॉश कुठल्या सॉल्व्हंटमध्ये, खाली कुठला थर, शेवटी कुठलं वार्निश, चाकांच्या कडा कशा झाकणार. अ‍ॅक्रिलिकच्या नीट वाळलेल्या थरावर व्हाइट स्पिरिटमधला इनॅमल वॉश चालतो, चुकला तर पुसता पण येतो. पण कुणी अ‍ॅसिटोनचं किंवा लॅकर थिनरचं नाव काढलं तर डबा देऊ नका, त्याने पॉलिस्टायरीन म्हणजे डब्याचं प्लॅस्टिकच विरघळतं. जो खरंच काम करतो तो ह्यावर अर्धा तास बोलेल, त्याच्या चुकलेल्या डब्यांबद्दलसुद्धा. माझ्या माणसाने स्वतःच्या बिघडलेल्या कामाबद्दल एकदाही काही सांगितलं नव्हतं.

आणि कुणी तयार वेदरिंग केलेले सेकंडहँड डबे विकत असेल तर तीच काळजी घ्या. मळाखाली सुपरग्लूचे ओघळ, तुटलेल्या पायऱ्या, तडे सगळं लपतं. खालून फोटो मागा, खिडकीतून पलीकडचं दिसतं का बघा. खरी खिडकी मळली तरी मळ कोपऱ्यांत राहतो, मधून दिसतं.

डब्यांचं काय झालं असं विचाराल म्हणून सांगते. पावडर कोमट साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने निघाली. गंजाचे डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढले, पण आधी तळाला लपलेल्या जागी लावून बघितलं कारण ह्याने कंपनीचा छापील नंबरही निघू शकतो, आणि एका डब्याचे दोन आकडे गेलेच. तिथे डिकल (आकड्यांचं पातळ छापील स्टिकर) लावायचंय, त्याच्याआधी ग्लॉसचा थर द्यावा लागेल, मॅटवर लावलं तर खाली हवा अडकून चंदेरी दिसतं. एक डबा भावाने सांध्यातून पातळ पातं घालून उघडला, दोन तास लागले, काचांवर ग्लॉस वार्निशचा हात दिल्यावर त्या बऱ्यापैकी स्वच्छ झाल्या. बाकीचे चार अजून बंद आहेत. धातूची चाकं एका डब्यापुरती आणलीत, त्यात आता दिवा लागतो.

माझा पाचवा डबा अजून कुठेतरी आहे. पूर्ण लांबीचा, ३०३ मिलिमीटर, उलटा केला की एका ट्रॉलीच्या वरच्या बाजूला कोपऱ्यात आडवा ओरखडा आहे, पहिल्या दिवशी माझ्याच हातून स्क्रूड्रायव्हर घसरला होता. असा डबा कुणाकडे विकायला आला, मळवलेला किंवा साफ केलेला, तर घ्यायच्या आधी मला एकदा फोटो दाखवा.