जुनी कढी की नवी भाजी? 'लिलो अँड स्टिच' आणि 'एलिओ'

२०२५च्या उन्हाळ्यात डिस्नेने दोन चित्रपट आणले. दोन्हींत आईवडील गमावलेलं, एकटं पडलेलं मूल आणि परग्रहावरचा दोस्त. 'लिलो अँड स्टिच' म्हणजे २००२च्या ॲनिमेशनपटालाच दिलेला ऊत. खरं तर तो आधी थेट ओटीटीसाठी ठरला होता! २३ मेला थिएटरात आला आणि जगभरात १०० कोटी डॉलरच्या पुढे गेला. डिस्नेच्याच पिक्सार स्टुडिओचा 'एलिओ' मात्र कोरी करकरीत गोष्ट. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत जेमतेम २.१ कोटी डॉलर, पिक्सारची सर्वांत थंड सुरुवात. त्याच आठवड्यात पहिल्या क्रमांकावर कोण? 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन' या जुन्या ॲनिमेशनपटाचा रिमेक. मुलांना नवं चालतं हो. तिकीट काढणाऱ्या आईबापांना ओळखीचा चेहरा लागतो. मी तरी 'एलिओ'च निवडेन.