कुपी-सिरिंज, कार्ट्रिजचं पेन की वापरून टाकायचं पेन?

डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं की केमिस्टच्या काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "बाटली देऊ की पेन?" पेन म्हणजे आकडा फिरवून डोस लावायचं, लिहायच्या पेनसारखं दिसणारं इंजेक्शन. औषध दोन्हीकडे तेच मिळू शकतं, पण रोजच्या वापरात या दोन गोष्टी फार वेगळ्या वागतात. निवड करताना किंमत बघावीच. त्याहून आधी बघावं ते हे, की सुई टोचणाऱ्या माणसाचे डोळे आणि हात कसे आहेत.

आपल्याकडे मिळणाऱ्या साध्या इन्सुलिनच्या १० मिलीच्या कुपीत बहुधा दर मिलीला ४० युनिट असतात, म्हणजे पूर्ण कुपीत ४००. पेनच्या ३ मिलीच्या कार्ट्रिजमध्ये (पेनच्या आतल्या औषधाच्या नळीत) दर मिलीला १०० युनिट, म्हणजे एकूण ३००. म्हणून कुपीसाठी लाल टोपणाची ४० ची सिरिंज लागते, तर १०० च्या इन्सुलिनसाठी नारिंगी टोपणाची. कुपी म्हणजे ४० च असंही धरून चालू नका. ग्लार्जिन या दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्सुलिनची कुपी १०० ची असते. लेबल वाचून मगच सिरिंज मागायची.

ही अदलाबदल किती महाग पडते ते बघा. ४० च्या कुपीतलं औषध नारिंगी सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात जातात फक्त ४ युनिट. उलट, पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजला लाल सिरिंज टोचून १० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर जातात २५. अडीच पट! रात्री झोपेत शुगर धोकादायकरीत्या खाली जायला एवढं पुरे आहे. कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध कधीही काढू नका, हा नियम घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. कुपीवरून पेनवर आलात तर आकडा बदलायचा नसतो. तेच इन्सुलिन असेल तर २० युनिट म्हणजे पेनवरही २० च. फरक पडतो तो फक्त द्रवाच्या मापात: कुपीतलं अर्धा मिली, पेनमधलं ०.२ मिली.

सिरिंजने डोस भरताना बुचाचं रबर स्पिरिटने पुसायचं, डोसएवढी हवा सिरिंजमध्ये ओढून कुपीत सोडायची, कुपी उलटी धरून औषध ओढायचं, बुडबुडे टिचकी मारून वर आणायचे आणि रेघ डोळ्यांच्या पातळीवर धरून वाचायची. मोतीबिंदू असलेल्या किंवा हात थरथरणाऱ्या माणसाला हे रोज दोनदा, तेही एकट्याने, नीट जमत नाही. पेनमध्ये आकडा खिडकीत दिसतो, मागचं बटण फिरवताना दर युनिटला टक् असा आवाज होतो, आणि जास्त फिरवलं तर उलट फिरवून मागे आणता येतं. मात्र नुसत्या टकटकी मोजून डोस लावू नये. आकडा स्वतः वाचावा, नाहीतर कुणाकडून वाचून घ्यावा.

पेन सोपं असलं तरी त्यातही चुका होतात. जास्त करून दोन ठिकाणी. पहिली म्हणजे नवी सुई बसवल्यावर २ युनिट हवेत सोडून न बघणं. पेन उभं धरायचं, सुई वर, कार्ट्रिजवर टिचकी, बटण दाबायचं. टोकाशी थेंब दिसला तरच पुढे जायचं, नाहीतर पुन्हा २ युनिट. दुसरी म्हणजे बटण दाबल्या दाबल्या सुई उपसणं. बारीक सुईतून औषध सावकाश उतरतं, त्यात हवेचा बुडबुडा असला तर तो दबतो आणि थेंब उशिरापर्यंत येत राहतात. बटण दाबलेलंच ठेवून सावकाश १० आकडे मोजा. सुई काढल्यावर टोकावरून औषध ओघळत असेल, तर डोस पूर्ण गेलेला नाही.

टोचून झालं की सुई काढून ठेवा. तशीच राहिली तर उष्णतेने औषध बाहेर गळतं, गारव्याने हवा आत शिरते. दुधाळ दिसणाऱ्या ३०/७० इन्सुलिनमध्ये (३० टक्के लवकर, ७० टक्के सावकाश काम करणारं) तर मिश्रणाचं प्रमाणच बिघडतं. हे मिश्र इन्सुलिन तळाशी बसतं, म्हणून पेन दोन्ही तळव्यांमध्ये १० वेळा लाटायचं, मग १० वेळा वर-खाली हलवायचं. आतली काचेची गोळी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली पाहिजे आणि रंग सगळीकडे सारखा पांढरा झाला पाहिजे. कुपीही लाटावीच लागते, पण जोरात हलवून फेस आणू नये.

खर्चाचा हिशेब मांडू. सकाळी २० आणि रात्री १२ युनिट, म्हणजे महिन्याला ९६०. कुपीच्या हिशेबाने सुमारे अडीच कुप्या. पेनमध्ये दर वेळी हवेत सोडायचे २ युनिट धरले तर १०८० होतात, म्हणजे साडेतीन कार्ट्रिजांहून थोडं जास्त, शिवाय ६० सुया. पेन घेताना लोक पेनची किंमत विचारतात, सुयांची विचारत नाहीत, आणि मग एकच सुई आठवडाभर चालवतात. बोथट सुईने दुखतं आणि एकाच जागी टोचत राहिलं की तिथे चरबीची गाठ होते. गाठीत दुखत नाही म्हणून लोक तिथेच टोचतात, औषध मात्र कधी उशिरा, कधी कमी शोषलं जातं. नंतर चांगल्या जागी टोचलं की तोच डोस जोरात लागून शुगर लो होऊ शकते, म्हणून जागा बदलण्याआधी डोसबद्दल डॉक्टरांना विचारावं. सुई ४ मिलीमीटरचीच घ्या. जाड माणसालाही ती पुरते. बेंबीपासून दोन बोटं सोडून सरळ टोचायची, बहुतेकांना चिमटीत कातडी धरावी लागत नाही. सिरिंजची सुई लांब असते, तिथे चिमटी हवी.

पैशांची ओढाताण असेल तर कुपी घेण्यात कमीपणा नाही. साधं इन्सुलिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे त्याची कमाल किंमत ठरवलेली असते. सरकारी दवाखान्यातही बहुधा कुपीच मिळते.

पेनच घ्यायचं ठरलं तर वापरून टाकायचं की कार्ट्रिज बदलायचं? कार्ट्रिजचं पेन वर्षानुवर्षं चालतं आणि दर महिन्याचा खर्च कमी पडतो. पण ते एकाच कंपनीच्या कार्ट्रिजशी बांधलेलं असतं. नोव्होपेनमध्ये त्याच कंपनीचं पेनफिल नावाचं कार्ट्रिज बसतं, दुसऱ्या कंपनीच्या ह्युमापेनचं कार्ट्रिज बसत नाही. डॉक्टरांनी इन्सुलिन बदललं तर पेनही बदलावं लागू शकतं. कार्ट्रिज बसवणं कुणाला जड जात असेल, तर वापरून टाकायचं पेन बरं. शाळेतल्या मुलासाठी किंवा एकट्या राहणाऱ्या आजींसाठी आमची पसंती त्यालाच. अर्ध्या युनिटाचा डोस लागणाऱ्या लहान मुलाचं वेगळं. त्याला अर्धं युनिट मोजणारं पेन लागेल, उदाहरणार्थ नोव्होपेन एको, ते कार्ट्रिजवर चालतं.

नवरा-बायको दोघंही इन्सुलिनवर असतील तर पेनं दोन हवीत. सुई बदलली तरी टोचताना रक्ताचा अंश कार्ट्रिजमध्ये मागे येऊ शकतो. दोन्ही पेनांवर वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा.

न उघडलेला साठा फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं. चालू पेन ३० अंशांखाली बहुधा २८ दिवस चालतं, उघडल्याची तारीख त्यावर लिहा. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात घरातलं तापमानही त्यापुढे जातं. फ्रिज नसेल तर पेन किंवा कुपी बंद डब्यात घालून तो डबा ओल्या वाळूत बसवलेल्या छोट्या मडक्यात ठेवा, वर ओलं फडकं. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा. ओल्या कचऱ्यात गेलेली सुई सफाई कामगाराच्या हाताला टोचते.

पेन विकत घेण्याआधी घराजवळच्या दोन दुकानांत एकच चौकशी करा: हे कार्ट्रिज आणि ४ मिलीमीटरच्या सुया दर महिन्याला मिळतात का?