यूटीचे रेफरन्स ब्लॉक: भोसरीतलं हे वर्कशॉप खात्रीचं

मी एनडीटीमध्ये, म्हणजे वस्तू न तोडता तिच्यातले दोष शोधण्याच्या कामात, रिसर्च इंजिनीअर आहे. काम अल्ट्रासॉनिकचं (यूटी), म्हणजे प्रोबने धातूत ध्वनिलहरी सोडून परत येणारा एको, म्हणजे प्रतिध्वनी, वाचायचा. सध्या रेल्वे ॲक्सलमधल्या भेगा फेज्ड ॲरे प्रोबने (ध्वनीचा झोत हवा तसा वळवता येणारा प्रोब) किती लहान असताना पकडता येतात, ते पाहतेय. आमच्या क्षेत्रात नवीन मशीन आलं की सगळे बघायला जमतात, रेफरन्स ब्लॉककडे, म्हणजे मशीन ताडून बघायला ठरावीक मापाची भोकं पाडलेल्या धातूच्या तुकड्याकडे, कोणी ढुंकूनही बघत नाही. पण स्क्रीनवरचा एको मोठा की छोटा, हे ब्लॉकमधल्या भोकाशी ताडूनच ठरतं. भोक चुकलं की त्यावर घेतलेला सगळा डेटा वाया. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भोसरीच्या या वर्कशॉपकडून आम्ही दोन कामं करून घेतली. एक, फ्लॅट बॉटम होलचे, म्हणजे सपाट तळाच्या भोकांचे, ब्लॉक. दुसरं, जुन्या ॲक्सलच्या तुकड्यावर विजेच्या स्पार्कने पाडलेले नॉच, म्हणजे बारीक खाचा.

फ्लॅट बॉटम होल कागदावर सोपं दिसतं. साध्या ड्रिलने भोक पाडलं तर तळाशी शंकू राहतो आणि ध्वनी प्रोबकडे न परतता बाजूला फेकला जातो. म्हणून तळ सपाट करून घ्यावा लागतो. व्यासाचंही तसंच. ३ मिमीच्या जागी ३.१ झालं तर इतर कामात कोणी हरकत घेणार नाही. इथे मात्र फार फील्डमध्ये, म्हणजे प्रोबपासून पुरेशा लांब, एकोची उंची भोकाच्या क्षेत्रफळावर जाते, त्यामुळे तेवढ्यानेच अर्ध्या डेसिबलहून जास्त फरक पडतो. त्यात तळ जरासा तिरका असला की संपलंच. पूर्वी दुसरीकडून घेतलेल्या एका ब्लॉकमध्ये नेमकं हेच होतं. सर्टिफिकेट मात्र व्यवस्थित होतं.

इथे तळ कसा तपासतात ते मी शेजारी उभी राहून पाहिलं. दातांचं माप घ्यायला डॉक्टर वापरतात तसलं पातळ सिलिकॉन भोकात भरतात. ते घट्ट झालं की हलक्या हाताने ओढून काढतात आणि ती बारीक रबरी काडी प्रोफाइल प्रोजेक्टरवर ठेवतात. पडद्यावर काडीचं टोक मोठं होऊन दिसतं. तळ सपाट आहे का, कोपऱ्याला गोलाई किती आली, अक्षाशी काटकोन आहे का, सगळं तिथल्या तिथे मोजतात. प्रत्येक भोकाचा असा फोटो रिपोर्टला लावून देतात. मला रिपोर्टमध्ये हेच हवं असतं.

मटेरियलच्या बाबतीतही चोख. भोक पाडण्याआधी कोरा ब्लॉक यूटीने पूर्ण स्कॅन करतात. आत इन्क्लूजन (धातूत अडकलेला परका कण) असेल तर तो तुकडा बाजूला जातो. ध्वनीचा वेगही प्रत्यक्ष मोजून लिहितात, पुस्तकातला आकडा उतरवत नाहीत. आयएसओ २४०० या मानकातल्या व्ही-वन या प्रमाण ब्लॉकसाठी लाँगिट्यूडिनल (पुढे-मागे कंप पावणाऱ्या) लहरींचा वेग सेकंदाला ५९२० मीटर, अधिक-उणे ३० असा धरलेला आहे. ३० मीटरचा फरक म्हणजे ५० मिमी खोलीवर पाव मिमीची चूक. प्लांटमधल्या रोजच्या तपासणीला हे चालून जातं. मी मिलिमीटरभर खोलीच्या भेगेचा माग काढत असते, मला नाही चालत.

आता नॉच. ॲक्सलवर चाक दाबून बसवलेलं असतं आणि त्या बैठकीच्या कडेला फ्रेटिंगने (दोन्ही भाग एकमेकांवर सूक्ष्म घासल्याने) भेगा सुरू होतात. तिथे, फिलेटच्या (व्यास बदलतो तिथल्या गोलाईच्या) जवळ, आम्हाला १ आणि २ मिमी खोलीचे नॉच हवे होते. स्पार्क मशीनवर जे मामा आहेत त्यांनी ड्रॉइंग हातात घेतल्या घेतल्या विचारलं, "मॅडम, खोली ॲक्सलच्या त्रिज्येवर धरायची की पृष्ठभागाला काटकोनात? फिलेटवर दोन्ही सारखं नाही येणार." एवढा नेमका प्रश्न विचारणारा माणूस मशीनवर असेल तर निम्मी काळजी मिटते. तांब्याचा इलेक्ट्रोड काम करता करता झिजतो, टोकं आधी गोल होतात आणि नॉच दोन्ही बाजूंना उथळ राहतो. मामा शेवटचा हात नव्या इलेक्ट्रोडने फिरवतात. खोली मधोमध आणि दोन्ही टोकांना मोजून दिली होती, आणि तिन्ही आकडे जुळत होते.

मालकांचीही एक गोष्ट आवडली. काही विक्रेते नॉचला खुशाल "खऱ्या भेगेइतकंच" म्हणून विकतात. खरी फटीग क्रॅक (वारंवार ताण येऊन पडलेली भेग) घट्ट मिटलेली असू शकते. तिच्यातून थोडा ध्वनी पलीकडे निघून जातो आणि एको कमी येतो. नॉच उघडा असतो, त्यामुळे तो जास्त सहज सापडतो. मालकांनी हे मी न विचारता सांगितलं आणि सर्टिफिकेटवर "ईडीएम नॉच" (स्पार्कने पाडलेला नॉच) एवढंच लिहिलं. ॲक्सल तुटला तर गाडी रुळावरून घसरते, माणसं जातात. तिथे अशी सचोटी मला फार मोलाची वाटते.

कमी काय? सांगितलेल्या तारखेला माल मिळेल असं धरून चालू नका, उशीर होतो. आणि फोन केल्याशिवाय कळवतही नाहीत. हे सुधारायलाच हवं. ब्लॉकचा नंबर पंचाने ठोकतात. तो प्रोब फिरवायच्या बाजूला आला तर कपलिंग, म्हणजे ध्वनी आत नेणारा प्रोबचा संपर्क, बिघडतं, म्हणून नंबर कुठल्या बाजूला हवा ते ड्रॉइंगवर दाखवा. पॅकिंग फक्त तेल आणि वर्तमानपत्राचं. पावसाळ्यात नेणार असाल तर व्हीसीआय पेपर (गंज रोखणारा कागद) सोबत न्या. दर स्वस्त नाहीत, पण या मोजमापांसाठी मला ते रास्त वाटले.

ऑर्डर देताना ज्या वस्तूची तपासणी करायची तिच्याच ग्रेडचं आणि तशीच हीट ट्रीटमेंट झालेलं मटेरियल मागा, जमल्यास स्वतःच पुरवा. धातूच्या दाण्याचा आकार बदलला की ॲटेन्युएशन, म्हणजे ध्वनी विरण्याचं प्रमाण, बदलतं. मायक्रोमीटर आणि प्रोजेक्टरच्या कॅलिब्रेशनच्या प्रती आधीच मागून ठेवा. मागितल्या तरच मिळतात. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते, त्या दिवशी जाऊ नका. आणि शक्य झालं तर ड्रॉइंग मेल करण्यापेक्षा मामांसमोर ठेवून बोला.