फुगलेला डबा आणि कच्चं बिल

मालवणात स्नोबोर्ड, म्हणजे बर्फावरून घसरायची फळी, कोण बनवतो, असं लोक हसून विचारतात. आमचं काम फायबरच्या होड्या दुरुस्त करण्याचं. मामेभाऊ हिवाळ्यात मनालीजवळ सोलंगला कामाला असतो. त्याने एकदा कड उसवलेला बोर्ड आणला, मी तो इपॉक्सीने बसवून दिला आणि तिथून मला खाज सुटली. आत लाकडाचा गाभा, वर-खाली फायबरग्लास, कडेला पोलादी पट्टी. होडीवाल्याला यात परकं काही नाही. नवीन होती ती युरेथेनची, म्हणजे ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकची, कडेची भिंत. पॉप्लरच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या फळीत आखणीवर राऊटरने, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्राने, खोबण पाडायची, दोन भाग मिसळून युरेथेन ओतायचं आणि घट्ट झालं की त्याच्या मधूनच आकार कापायचा. म्हणजे बर्फाचं पाणी लाकडापर्यंत पोचत नाही.

युरेथेन देणारा एक व्यापारी व्हॉट्सॲपवर सापडला. चार किलोचा सेट ५,२०० रुपये, पैसे आधी. "पक्कं बिल हवं तर १८ टक्के वर पडतील, दादा." मी कच्च्यावर भागवलं. ९३६ रुपये वाचले म्हणून खूशही झालो.

ऑगस्टमध्ये पहिली खोबण भरली. थोड्याच वेळात माल फसफसून काठाबाहेर आला. कापून बघितलं तर आत पावासारखी जाळी. बाबा म्हणाले, "रे, ह्या आंबोळीचा पीठ कित्याक भरलंस?"

व्यापाऱ्याला फोटो पाठवला. तासाभरात त्याचाच फोन, आवाजात केवढी काळजी! कोकणातला पाऊस, लाकूड ओलं असणार, युरेथेनला पाणी चालत नाही. आता हे खरंच आहे. हार्डनरमधल्या, म्हणजे दोनपैकी घट्ट करणाऱ्या भागातल्या, आयसोसायनेट या रसायनाला पाणी लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्याचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच मी गळाला लागलो. फळ्या बल्बच्या पेटीत वाळवल्या, तुकडे वजन करकरून ओलावा ८ टक्क्यांवर आणला आणि त्याच्याकडूनच दुसरा सेट मागवला. वर 'ओलावा मारणारी पावडर' १,४०० रुपयांची. पाऊस पुरता सरेपर्यंत डबे उघडले नाहीत. तेवढे महिने त्याला आयतेच मिळाले.

जानेवारीत, मतलई वाऱ्याच्या कोरड्या सकाळी, दोन्ही भाग नुसत्या प्लास्टिकच्या पेल्यात मिसळले. ना लाकूड, ना पावडर. तरी फेस!

मग डबे नीट बघितले. हार्डनरच्या डब्याचं पोट फुगलेलं, तोंडाशी पांढरा थर. झाकण फिरवताना फुस्स झालं होतं, पहिल्या सेटलाही झालं होतं. मला वाटलं असंच असतं. पॉलिओलच्या, म्हणजे दुसऱ्या भागाच्या, कॅनवरचं लेबल नखाने उचकटलं तर खाली दुसरं लेबल, साडेतीन वर्षांपूर्वीच्या तारखेचं. 'उत्पादनापासून ६ महिन्यांत वापरा,' असं त्यावर स्वच्छ छापलेलं. कुणाचा तरी उघडून पडलेला, दमट झालेला माल.

फोन लावला तर नंबर ब्लॉक. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, सांगण्यासाठी कागद काढले तेव्हा कळलं की चिठ्ठीवर ना दुकानाचं नाव, ना बॅच नंबर. यूपीआयवर नाव तिसऱ्याच माणसाचं.

आता मी एक किलोच मागवतो, पक्क्या बिलावर. पार्सल फोडताना मोबाइलवर व्हिडिओ चालू. डबा फुगलेला असला तर उघडतच नाही. चांगला दिसला तर त्याच दिवशी पन्नास ग्रॅम पेल्यात ओतून रात्रभर ठेवतो.

ती फेसाळलेली फळी बाबांनी कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावली. पावसात कडेने पाणी पिऊन फुगते, मग लाथ मारून उघडावी लागते.