ॲना, पीट आणि आमचा संध्याकाळचा वर्ग : 'लेट्स लर्न इंग्लिश' कसं वाटलं

इंग्रजी शिकवताना व्हिडिओ लावायचा तर पहिल्या वर्षी सिनेमा लावू नये, खास शिकवण्यासाठी बनवलेली छोटी गोष्ट लावावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि तशी गोष्ट शोधत असाल तर व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारच्या प्रसारण संस्थेची 'लेट्स लर्न इंग्लिश' ही मालिका घ्या. फुकट आहे म्हणून सांगत नाही. पैसे मोजून घेतलेल्या कोर्सपेक्षा ती चांगली आहे, म्हणून सांगते.

बार्शीत माझा संध्याकाळी बायकांचा इंग्रजी संभाषणाचा वर्ग असतो. मेडिकलच्या काउंटरवर बसणारी एक, साड्यांच्या दुकानातल्या दोघी, अंगणवाडीतली एक, आणि अमेरिकेतल्या नातवाशी व्हिडिओ कॉलवर चार वाक्यं बोलता यावीत म्हणून येणाऱ्या एक आजी. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी त्याच्या आधीच्या, म्हणजे पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवलेल्या. त्यांना वाचता येतं. औषधाच्या खोक्यावरचं, बँकेच्या फॉर्मवरचं बरंचसं समजतं. अडतं ते कानाशी. समोरचा माणूस बोलायला लागला की ओळखीचे शब्दसुद्धा ओळखू येत नाहीत, आणि ऐकूच आलं नाही तर उत्तर कुठून सुचणार? म्हणून मला पुस्तकापेक्षा टीव्ही हवा होता.

मालिकेची पहिली पातळी २०१६ साली सुरू झाली. त्यात बावन्न धडे आहेत, दुसऱ्या पातळीत तीस. ॲना नावाची मुलगी वॉशिंग्टन डीसीला नवीन येते, घर घेते, नोकरीला लागते, मैत्रिणी जोडते, आणि त्या प्रत्येक प्रसंगातून एकेक धडा होतो. तिचा मित्र पीट, मैत्रीण मार्शा, ऑफिसातल्या वरिष्ठ मिस वीव्हर, अशी मोजकीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. याचा फायदा वर्ग घेताना लगेच जाणवतो. दर धड्याला नव्या माणसांची ओळख करून द्यावी लागत नाही. पाचव्या-सहाव्या धड्यापर्यंत बायका ॲनाबद्दल शेजारच्या मुलीबद्दल बोलावं तशा बोलायला लागतात. "आज कुठं हरवली म्हणायची ही?" असं विचारतच वर्गात येतात. पुढं काय झालं हे कळायची ओढ लागली की ऐकण्याचं निम्मं काम झालेलं असतं.

व्हॉइस ऑफ अमेरिकाला हे काम नवीन नव्हतं. १९५९ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी रेडिओवर 'स्पेशल इंग्लिश' सुरू केलं. साधारण पंधराशे शब्दांचा साठा, छोटी वाक्यं, एका वाक्यात एकच गोष्ट, आणि नेहमीच्या बातम्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांश संथ वाचन. ती शिस्त या मालिकेत उतरलेली दिसते. पहिल्या धड्यात ॲना आणि पीट एकमेकांचं नाव विचारतात, स्पेलिंग सांगतात, आणि भेटून आनंद झाला म्हणतात. बस, एवढंच. अनुभवी शिक्षकच इतकं कमी देण्याचं धाडस करतो.

सिनेमात असं होत नाही, आणि व्हायची गरजही नाही. सिनेमातली माणसं एकमेकांशी बोलतात, शिकणाऱ्याशी नाही. पार्श्वसंगीत वाजत असतं, दोघं एकदम बोलतात, कुणी पाठ फिरवून पुटपुटतं, निम्मा अर्थ नजरेत असतो. ज्याला ऐंशी टक्के कळतं त्याला उरलेलं वीस टक्के त्यातून शिकता येईल. ज्याला दहा टक्के कळतं तो फक्त चित्र बघतो, आणि दोन तासांनी आपल्याला इंग्रजी येत नाही हा समज आणखी घट्ट करून उठतो. स्टीफन क्रॅशन या अमेरिकन भाषातज्ज्ञांनी मांडलं की माणूस भाषा शिकतो ती कळणाऱ्या बोलण्यातून, आपल्या पातळीच्या एकच पायरी वरच्या. त्यांच्या सिद्धांतावर वाद पुष्कळ झाले, पण एका पायरीची ती गोष्ट मला वर्गात रोज खरी होताना दिसते.

आता प्रत्यक्ष एक धडा कसा चालतो ते सांगते, कारण या मालिकेची किंमत तिथंच कळते. सहावा धडा घ्या, 'व्हेअर इज द जिम?'. ॲना आपल्या नव्या इमारतीत जिम शोधते आहे आणि लोकांना वाट विचारते आहे. मी पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून लावते. बायका फक्त बघतात. मग मराठीत बोलायचं : ही काय विचारते आहे, समोरचा हात कुठं दाखवतो आहे, तिला कळलं की नाही. खूप गलका होतो, आणि तो मी होऊ देते. कारण गोष्ट मराठीत डोक्यात बसली की इंग्रजी ऐकताना अर्थाची धाकधूक राहत नाही, कान मोकळा होतो.

दुसऱ्या वेळी उलटं. टीव्हीवर ओढणी टाकायची आणि फक्त आवाज ऐकायचा. हातात कागद. जिम कुठं, डावीकडं की उजवीकडं, पुढं की मागं, त्याचा नकाशा ज्याचा त्यानं काढायचा. कुणालाही एक अक्षर लिहावं लागत नाही, त्यामुळं स्पेलिंगची भीती नाही, तरी कुणी ऐकलं आणि कुणी नाही ते कागदावर लख्ख दिसतं. नकाशे जुळले नाहीत की भांडण, आणि मग "मॅडम, परत लावा, परत लावा!" हा आग्रह. चार-पाच मिनिटांचा तुकडा असल्यामुळं परत लावणं परवडतं. तिसऱ्यांदा चित्र, आवाज आणि खाली इंग्रजी अक्षरं, सगळं एकत्र. तेव्हा एखादी हमखास म्हणते, "अय्या, हे 'अक्रॉस' होतं होय!" मेडिकलवाल्या ताईंनी तो शब्द कितीदा वाचला असेल, पण ऐकला पहिल्यांदाच. शेवटी टीव्ही बंद, आणि जिमच्या जागी भगवंताचं मंदिर. एकीनं पाहुणी व्हायचं, दुसरीनं एसटी स्टँडवरून देवळापर्यंतची वाट इंग्रजीत सांगायची. आजींनी पहिल्यांदा ही वाट सांगितली तेव्हा प्रत्येक वळणावर हात आधी वळला आणि शब्द मागून आला, पण आला. बाकीच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचं फार मोल वाटतं.

सबटायटलबद्दल मला दरवेळी विचारतात : खाली मराठी अक्षरं नकोत का? नकोत. मराठी दिसली की डोळा तिथंच राहतो आणि कान सुट्टीवर जातो. इंग्रजी बोलणं आणि इंग्रजीच अक्षरं, हे जोडकाम करतं. आपल्या देशातच याचं उत्तम उदाहरण आहे. ब्रिज कोठारी या संशोधकांनी १९९६ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधून 'त्याच भाषेतल्या सबटायटल'चं काम सुरू केलं आणि पुढं दूरदर्शनच्या चित्रहारमध्ये हिंदी गाण्यांखाली हिंदीच ओळी झळकू लागल्या. गाणं तोंडपाठ असलेल्या माणसाची नजर आपोआप अक्षरांवरून फिरते आणि वाचन सुधारतं. माझ्याकडे गरज उलट दिशेची आहे, वाचता येतं पण ऐकू येत नाही, तरी जोडणी तीच.

गोष्टीच्या व्हिडिओसोबत प्रत्येक धड्याला बोलण्याच्या सरावाचा आणि उच्चाराचा वेगळा छोटा व्हिडिओ आहे. उच्चाराचा भाग सोडू नका. शब्द सुटे म्हटले की एक ऐकू येतात आणि वाक्यात एकमेकांना चिकटले की वेगळेच, हे तिथं नीट दाखवलं आहे. आपण मराठीतही 'काय करतो आहेस'चं 'काय करतोयस' करतोच, एवढं सांगितलं की बायकांना त्यात अन्याय वाटत नाही. शिवाय संवाद लिहिलेले आहेत आणि सरावाची पानं छापून घेता येतात. पानांवरच्या सूचना मात्र सगळ्या इंग्रजीत, त्यामुळं ती पानं घरी एकटीनं बसून करायची तर पहिले काही धडे कुणीतरी सोबत लागतं.

उणिवाही सांगायला हव्यात. अभिनय व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या माणसांनीच केला आहे आणि तो कुठं कुठं फार ठळक होतो. ॲना प्रत्येक गोष्टीनं इतकी हरखते की मोठ्या बायकांना ते सुरुवातीला लहान मुलांसाठीचं वाटतं. मला ते खटकत नाही, कारण चेहरा स्पष्ट बोलला की म्यूट करून दाखवणं सोपं जातं, पण कॉलेजच्या मुलांसमोर लावाल तर पहिल्याच दिवशी हे सांगून टाका. दुसरं म्हणजे सगळं जग अमेरिकेतलं आहे. तेराव्या धड्यात शेक्सपिअरचा वाढदिवस येतो. तारखा आणि पहिला-दुसरा-तिसरा शिकवायला प्रसंग छान आहे, पण माझ्या वर्गात आधी शेक्सपिअर कोण हे सांगण्यात वेळ गेला. तिथं मी सरळ घरातल्यांच्या वाढदिवसांवर येते. तिसरी उणीव जास्त गंभीर : पहिल्या पातळीच्या उत्तरार्धात व्याकरणाचा वेग वाढतो. भूतकाळ, तुलना, अटीची वाक्यं एकापाठोपाठ येतात. आठवड्याला एक धडा हा त्यांचा हिशेब नोकरी-घर सांभाळून येणाऱ्या बाईला झेपत नाही. आम्ही निम्म्या गतीनं जातो आणि मधूनमधून जुने धडे परत लावतो.

उच्चार अमेरिकन आहेत, ही तक्रार काही शिक्षक करतात. मला त्यात दम वाटत नाही. आजींचा नातू अमेरिकनच बोलतो, आणि कॉल सेंटरचा फोन आला तर समोरचा कुठल्या इंग्रजीत बोलेल याची हमी कुणाला आहे? कान एकदा उघडला की दुसऱ्या उच्चाराशी जुळवून घेता येतं. ब्रिटिश हवंच असेल तर बीबीसी लर्निंग इंग्लिशकडे भरपूर साहित्य आहे, दर्जाही उत्तम. फक्त त्यांचं पुष्कळसं काम थोडं येणाऱ्यांसाठी आहे. अगदी पायापासून, एका गोष्टीच्या धाग्यात ओवलेलं हवं, तर मी ॲनाच देईन.

पैशांचं बोलायचं तर माझ्या वर्गातल्या एकीनं आधी एका स्पोकन इंग्लिश संस्थेचा व्हिडिओ कोर्स हप्त्यांनी घेतला होता. त्यात एक सर फळ्यापुढं उभे राहून मराठीत व्याकरण सांगतात. इंग्रजी संवाद अख्ख्या तासात चार. हा व्हिडिओ नव्हे, हे चित्रित केलेलं व्याख्यान आहे, आणि त्यासाठी त्या ताईंनी पगारातून पैसे भरले याचा मला आजही राग येतो. व्हॉइस ऑफ अमेरिकानं स्वतः बनवलेलं साहित्य सार्वजनिक मालकीचं असतं, त्यामुळं ते उतरवून घेऊन वर्गात दाखवायला कुणाची परवानगी लागत नाही. आमच्याकडे नेटचा भरवसा नसतो. मी धडे पेनड्राइव्हवर घेते आणि तो टीव्हीला लावते. कमी रिझोल्यूशनची फाइलसुद्धा मिळते, ती जुन्या मोबाइलवरही चालते.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या आदेशानंतर व्हॉइस ऑफ अमेरिकाचं काम थांबलं आणि कर्मचाऱ्यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं गेलं. इंग्रजी शिकवणाऱ्या विभागाचं नवं काम त्यातच अडकलं. ज्या लोकांनी जगभरच्या अनोळखी माणसांसाठी इतक्या निगुतीनं धडे बनवले, त्यांच्याबद्दल ऐकून फार वाईट वाटलं. झालेले धडे मात्र यूट्यूबवर आहेत. शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, दोन्ही पातळ्या आत्ताच उतरवून ठेवा. संवादांची पानंही घ्या, ती घ्यायची लोक विसरतात.

कुणी घ्यावी ही मालिका? वाचता येतं पण ऐकलं की गोंधळ उडतो अशा मोठ्या माणसांनी, आणि पाचवी ते सातवीच्या मराठी माध्यमाच्या शिक्षकांनी डोळे झाकून. बारावी झालेल्या, थोडंफार बोलणाऱ्या मुलांनी पहिली पातळी भरभर बघून थेट दुसरी धरावी. मुलाखतीची तयारी करणाऱ्यांना मात्र ही पुरणार नाही, त्यांना खऱ्या मुलाखतींचे, बातम्यांचे तुकडे लागतील. दहापैकी आठ गुण. दोन कापले ते उत्तरार्धाच्या वेगासाठी आणि सूचना फक्त इंग्रजीत असल्याबद्दल. वर्ग नवा असेल तर पहिला धडा दोन दिवस चालवा, आणि पहिल्या दिवशी आवाज लावूच नका.