सातेरी की मेलिफेरा: पहिली मधपेटी कोणती घ्यावी?

मधपेट्या घ्यायचं ठरलं की पहिली चौकशी होते ती किलोची, आणि तिथे मेलिफेरा, म्हणजे पेटीत पाळली जाणारी युरोपीय मधमाशी, सरळ बाजी मारते. फुलोरा चांगला असेल आणि पेट्या वेळेवर हलवल्या, तर एका वसाहतीतून वर्षाला साधारण २५ ते ४० किलो मध निघतो. सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी, तिच्याकडून ५ ते १० किलो मिळाला तरी चांगला म्हणायचा. तरीही जमीन थोडी आणि भांडवल त्याहून थोडं असलेल्या घराने सुरुवात सातेरीनेच करावी, असं माझं ठाम मत आहे.

या धंद्यातला नफातोटा ठरतो तो फुलं नसलेल्या महिन्यांत. मेलिफेराची वसाहत मोठी, त्यामुळे तिला खायलाही भरपूर लागतं. फुलोरा सरला की एकतर साखरेचा पाक पाजत राहा, नाहीतर मोहरी, सूर्यफूल, निलगिरी जिथे फुलली असेल तिथे पेट्या गाडीत घालून न्या. ही हलवाहलव रात्री, सगळ्या माश्या आत परतल्यावर करायची. शेकड्याने पेट्या असतील तर गाडीभाडं वसूल होतं. पाच-दहा पेट्यांवर ते अंगावर येतं. सातेरी मात्र एकाच जागी, आसपासच्या झाडाझुडपांवरच्या विखुरलेल्या फुलांवर निभावून नेते. ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत बसलेली वसाहत कौशल्याने पेटीत भरता येते. मेलिफेरा विकतच घ्यावी लागते.

सातेरीचं दुखणं वेगळं आहे. अन्न तुटलं, मुंग्या शिरल्या किंवा पेटी वारंवार उघडली, की अख्खी वसाहत पेटी सोडून निघून जाते. शिवाय ती जुनी पोळी कुरतडते. त्या मेणाचा चुरा तळपाटावर, म्हणजे पेटीच्या तळाच्या फळीवर, साचतो आणि त्यात मेणकिडा वाढतो. पोळं बांधलेली लाकडी चौकट उचलल्यावर त्यात पांढरट जाळं आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या, तर उशीर झालेला असतो. तळपाट नियमित खरवडला, पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले आणि टंचाईत थोडा पाक दिला, तर ती सहसा टिकते.

रोगांत दोघींचे शत्रू निराळे. व्हरोआ कोळी, म्हणजे माश्यांच्या अंगाला चिकटून जगणारी बारीक कीड, मूळचा सातेरीवरचा. तिच्या माश्या एकमेकींच्या अंगावरून तो झाडून टाकतात. मेलिफेराला ते तितकंसं जमत नाही, म्हणून तिच्या पिल्लांच्या चौकटी सतत तपासाव्या लागतात. उलट थाई सॅकब्रूड हा विषाणू सातेरीच्या अळ्यांना मारतो आणि त्यावर औषध नाही.

बचत गटाने मिळून काम करायचं असेल तर मध काढायचं यंत्र सामाईक ठेवता येतं. पण यंत्रात बसवायची सातेरीची चौकट मेलिफेराच्या चौकटीपेक्षा लहान असते, म्हणून यंत्र घेण्याआधी गटाने एकच जात ठरवावी. टंचाईत मेलिफेरा सातेरीच्या पेटीतला मध लुटते, हेही दोन्ही शेजारी न ठेवण्याचं कारण.

आजूबाजूला सलग फुलणारी पिकं आहेत, घरातला एक माणूस पेट्यांबरोबर महिनोन्‌महिने बाहेर राहू शकतो आणि शेजारचे शेतकरी फवारणीआधी सांगतात, अशी स्थिती असेल तर मेलिफेरा घ्या. नाहीतर सातेरीच्या दोन पेट्या घ्या. एक नको, कारण एकीतली राणी मेली तर दुसरीतली ताज्या अंड्यांची चौकट तिथे ठेवता येते आणि माश्या त्यातून नवी राणी वाढवतात.